चाळीस मिनिटांत संवेदनशील

भूल देणाऱ्याने स्वतः जागे असावे, हे वैद्यकशास्त्राचे मूलतत्त्व आहे. आमच्या रुग्णालयाने ते फक्त चाळीस मिनिटांपुरते शिथिल केले. पारलिंगी रुग्णांच्या शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञांना तयार करणारे प्रशिक्षण जेवणानंतर लगेच ठेवले. बावीस जण बसले, चोवीस उत्तीर्ण झाले. (दोघे रजेवर होते, संवेदनशीलता घरूनही येते.) प्रत्येकाला खिशावर लावायला बिल्ला मिळाला.

बिल्ल्याचा पहिला लाभ एका शिक्षिकेला झाला. जन्मनोंदीत मुलगा, बाकी सगळीकडे बाई. आल्या होत्या पित्ताशयातल्या खड्यांसाठी. प्रमुख भूलतज्ज्ञांनी नवा अर्ज जातीने भरायला घेतला.

"आधीचं नाव?"

"ते कशाला लागतं, डॉक्टर?"

"रकाना आहे ना."

मग घरच्यांना कधी कळलं, आई रडली का, लग्नाचं काय, असे एकतीस प्रश्न झाले. बाई तीनदा म्हणाल्या, "मला एक सांगायचं होतं."

"शेवटी 'इतर' आहे, तिथे सांगा," साहेब मायेने म्हणाले.

नव्या प्रश्नांना जागा व्हावी म्हणून 'पूर्वीची ऑपरेशने' हा जुना रकाना 'इतर'मध्ये सरकवला होता. 'इतर' पाचव्या पानावर होते. झेरॉक्स चारच पानांची निघाली होती.

ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आली. ती ढकलणाऱ्या मावशींना बिल्ला नव्हता. (त्यांच्या श्रेणीला प्रशिक्षण लागू नाही.)

"ताई, गळा का धरून ठेवलाय?"

"आवाजासाठी स्वरयंत्राचं ऑपरेशन झालंय, मावशी. आतली श्वासाची वाट अरुंद आहे. नेहमीची नळी घातली तर जिवावर बेतेल. कुणी ऐकूनच घेईना."

मावशींनी ट्रॉली दारात आडवी लावली. "साहेब, आधी बारीक नळी दाखवा, मग आत आणते."

साहेबांनी मानेवरचा व्रण पाहिला, रुमालाने कपाळ टिपले आणि बारीक नळी मागवली. ऑपरेशन झाले. मावशींना 'विनाप्रशिक्षण चौकशी केल्याबद्दल' लेखी समज मिळाली. साहेबांना प्रसंगावधानाबद्दल पुष्पगुच्छ.

आता तुमच्याकडे येतो, वाचकहो. बाई नीट शुद्धीवर आल्या का, आवाज शाबूत राहिला का, हे मी सांगायचे विसरलो आणि तुम्हीही विचारले नाहीत. आधीचे नाव मात्र मी सांगितलेले नाही, हे तुमच्या केव्हाच लक्षात आले आहे.

पत्ता कळवा. बिल्ला पोस्टाने पाठवतो.