मैपतनानांची कवडी

कुणाविषयी लिहावं एवढा काही मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, त्यामुळे गावाला वाटतं मला सगळं येतं. येत नाही. त्यातून ज्यांच्या गाडीला मीच टिंगलीचं नाव चिकटवलं, त्यांच्यावर लिहायचं म्हणजे हात आणखी अडखळतो. वाचणाऱ्यांनी आणि नानांनी सांभाळून घ्यावं.

मैपतनाना आमचे शेजारी. रोज सकाळी ते दह्याचं मडकं पिकअपच्या हौद्यात चुंबळीवर ठेवायचे आणि गाडी रस्ता सोडून थेट ओढ्यात घालायचे. दगडगोटे, बांध, नांगरट, सगळं तुडवून परत यायचे. मग मडक्यावरचं फडकं काढून आत बघायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मोडली कवडी!"

चाकूनं कापावं अशा घट्ट दह्याला आमच्याकडं कवडी म्हणतात. तिला तडा गेला, पाणी सुटलं, की गाडी नापास. मग दिवसभर नाना गाडीखाली आणि दही त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या पातेल्यात. हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तोंडात ब्रश तसाच धरून उभा राहिलो होतो.

नाना फौजेत ड्रायव्हर होते. डोंगरातले रस्ते त्यांनी ट्रकनं पालथे घातलेत. पण त्यांचं सगळं जग आता त्या मडक्यात मावत होतं. माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय रं, कवडी शाबूत?"

एका विषयात राहिलो होतो. "मोडली," म्हणालो.

"मग पुन्यांदा विरज की गड्या. दूध काय संपलं न्हाई."

आमच्या इस्लामपूर भागात पिकअप घेतली की माणूस आधी पाटे वाढवतो. चाकावरच्या कमानीत लोखंडी पाटे जास्त घातले की ओझं जास्त पेलतं. नानांनीही पूर्वी दोन पाटे वाढवले होते. एके दिवशी ते मिस्त्रीकडं गेले आणि म्हणाले, "काढ." मी तिथं सायकलचं पंक्चर काढून घेत होतो. मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला.

"नाना, लोकं पाटं घालाया येत्यात."

"मी काढाया आलोय."

"मग ऊस कसा भरणार?"

"भरायचा न्हाई."

म्हैस घ्यायची आणि पिळायची नाही, तसंच झालं हे. पण नाना थांबले नाहीत. लांब, पातळ पाटे आले. जाडजूड शॉकॲब्सॉर्बर आले. रबरी बुश बदलले. चाकांतली हवा कधी काढ, कधी भर. गाडी उंच झाली, पाळण्यासारखी डुलायला लागली आणि वैरणीचे चार भारे टाकले तरी मागून बसायला लागली. काकी म्हणायच्या, "आवं, ह्या घरात कढीबिगर काय शिजंनाच झालंय!" हे ऐकून मी एकदा चहाच्या टपरीवर त्या गाडीला 'कढी एक्सप्रेस' म्हणालो. संध्याकाळपर्यंत ते नाव गावभर झालं.

मग साताऱ्याजवळच्या माळावर खडकांवरून गाड्या चालवायची स्पर्धा होती. नानांना आवडेल म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. पहिलीच गाडी टेकाडावरून उडाली, चारी चाकं हवेत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नाना तरातरा त्या ड्रायव्हरकडं गेले.

"आत मानूस बसलाय का बटाटं?"

तो हेल्मेट काढून हसला. "काका, गाडी उडायलाच पाहिजे."

"गाडी उडती तवा आत बसल्यालीचं काय हुतं, ठावं हाय तुला?"

त्यांचा आवाज चिरकला. मी हबकलो. नानांना चिडलेलं मी कधी बघितलंच नव्हतं.

येताना त्यांनी गाडीच्या खणातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद काढून दिला. मिरजेच्या दवाखान्याचा. इंग्रजी होतं, मी अडखळत वाचलं. मणक्याला धक्का बसू देऊ नये, असं काहीतरी होतं.

"तोंडपाठ हाय मला," नाना म्हणाले.

कागद त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता. आईमागं नानांना आक्कांनीच वाढवलं. त्या दिल्या पाटणच्या वरच्या एका वाडीत. दर नागपंचमीला नाना मुराळी होऊन जायचे आणि आक्कांना माहेरी आणायचे. तीन वर्षांपूर्वी याच पिकअपमधून आणलं. पाटे वाढवलेले, गाडी रिकामी, म्हणजे दगडासारखी कडक. वाडीच्या कच्च्या वाटेवर एक चर नानांना दिसला नाही. गाडी उडाली आणि आक्कांच्या मणक्याला मार बसला.

"आक्का म्हनती, तुजी चूक न्हाई. पर गाडीचा आवाज आला की अंग चोरती. तवापासनं एकाबी पंचमीला म्हायेरला आली न्हाई."

मी कागद पिशवीत घालून परत खणात ठेवला. शेवटी म्हणालो, "नाना, ते कढी एक्सप्रेस नाव मीच ठेवलंय."

"ठावं हाय. नाव बेस हाय."

पंचमीच्या आधी लागोपाठ पाच दिवस कवडी शाबूत आली. नाना ओरडले नाहीत, नुसतं फडकं झाकून घरात गेले. त्या शांततेनंच गल्ली दचकली. सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी हौद्यात दोन गाद्या टाकल्या, वर ताडपत्री बांधली आणि मडकं आत ठेवलं.

"आता ह्ये कशाला?" काकी म्हणाल्या.

"आदी मडकं त्या वाटंवनं फिरवून आक्काला दावतो. मग बस म्हनतो."

वर वाडीत फोनला रेंज नाही. दुपार झाली. मी कॉलेज बुडवून काकींपाशी बसलो होतो. चार वाजता फोन वाजला. काकींनी तो कानाला न लावता स्पीकरवर टाकला.

"पाटणला आलोय, डांबरी लागली." नानांचा आवाज एकदम बारीक होता. "मोडली कवडी."

काकींनी फोन खाली ठेवला. फोन मी उचलला. "नाना, आक्का कुठायत?"

"तिनंच मोडली. मडकं दावलं, मग बसली. निम्म्या वाटंत म्हनली, भूक लागली. भाकरी कुस्करून समदं दही संपिवलं."

"आणि आता?"

"मागं निजलीया. हळू बोल, गड्या."