फ्रीजवरचा चष्मा

त्या दिवशी मी फक्त ह्यांचा चष्मा फ्रीजवर ठेवला. एवढंच. पुढचं सगळं आपोआप घडलं (असं मी स्वतःला सांगत असते).

ह्यांच्या किडन्यांनी काम सोडल्याला तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलात मशीनवर चार-चार तास, आणि उरलेले चार दिवस घरी खुर्चीत. डॉक्टरीणबाई दर वेळी बजावतात, "काका, झेपेल तेवढं चाला. दहा मिनिटं चाललात तरी पायांतली ताकद टिकेल." हे मान डोलावतात. मानेचा व्यायाम तेवढा नियमित होतो.

पूर्वी आम्ही रोज संध्याकाळी पुलापर्यंत फिरायला जायचो. हे पुढे, मी मागे धापा टाकत. आता संध्याकाळ झाली की मी गॅलरीत उभी राहून दुसऱ्यांच्या जोड्या बघते. त्या पुलाचं मला कधीच कौतुक नव्हतं. पण कुणीतरी पुढे चालत असावं, असं फार वाटतं.

म्हणून चष्मा फ्रीजवर. खुर्चीपासून बावीस पावलं. (मी आधी मोजून घेतली होती.)

"अगं, माझा चष्मा?"

"बघा की कुठे आहे. माझे हात पिठात आहेत."

हे उठले, शोधला, घेऊन आले! मला असा काही हुरूप आला की दुसऱ्या दिवशी रिमोट पिठाच्या डब्यामागे गेला, पेपर मागच्या गॅलरीत आणि कंगवा इस्त्रीच्या कपड्यांत. हे घरभर फिरू लागले. कुरकुर नाही, चिडचिड नाही. उलट माझ्याशी फारच गोड बोलू लागले. बत्तीस वर्षांच्या संसारात मला तिथेच संशय यायला हवा होता.

गुरुवारी मशीन चालू असताना मी ह्यांचं पांघरूण घेऊन आले, तर पडद्याआडून आवाज आला. हे डॉक्टरीणबाईंना हळूच सांगत होते, "हिचं डोकं जागेवर राहिलं नाही हो. रिमोट पिठामागे ठेवते, पेपर बाहेर टाकते. मीच दिवसभर मागे फिरून सगळं जागच्या जागी लावतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण हिला सांभाळायला मला टिकलं पाहिजे."

माझे डोळे भरून आले. आत जाऊन सगळं कबूल करणार, एवढ्यात पडद्याच्या फटीतून बाईंची आणि माझी नजरानजर झाली. मी पांघरुणात तोंड लपवलं. बाई हुशार. काय ते समजल्या.

"काका, काकूंना रोज संध्याकाळी फिरायला न्या," त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "हात धरून. थकलात की बसा, पण त्यांना एकटं सोडू नका."

आता आम्ही रोज चालतो. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, आणि महिन्याभरात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. दुकानाच्या पायरीवर टेकतो आणि परततो. पूल लांबच आहे. तिथवर कधी जमेल, सांगता येत नाही. पण ह्यांनी माझा हात असा घट्ट धरलेला असतो, की खरं सांगायचं रोज ठरवते आणि रोज उद्यावर ढकलते. सांगितलं आणि हात सुटला तर?

काल औषधवाल्यानं काळजीनं विचारलं, "काकूंचं कसं आहे आता?"

"बराच फरक आहे," हे अभिमानानं म्हणाले. "आज सकाळी तर तिनं मला लगेच ओळखलं!"