कुलूपसरांचं घरटं

रविवारी सकाळी समुद्रात उतरण्यापूर्वी कुलूपसरांनी किल्ल्यांचा जुडगा वाळूत पुरला, आणि तासाभराने निथळत परत येऊन बघतात तो काय, त्याच जागेवर लोखंडी जाळी आणि वर पाटी: ‘कासवाचे घरटे. हात लावू नये.’

शाळेत परीक्षांचं काम सांभाळणारा हा गृहस्थ खडूच्या खोक्यालाही कुलूप लावी, म्हणून ते कुलूपसर. जुडग्यात गाडीची किल्ली होती, घराची होती आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाचीही होती. परीक्षा उद्या सकाळी आठला. आता तुम्ही म्हणाल, कपाटाची दुसरी किल्ली असेलच की! होती ना. ती हरवू नये म्हणून सरांनी त्याच जुडग्यात अडकवली होती.

“पिशवीत ठेवा म्हणत होते ना मी?” बरोबरच पोहून आलेली बायको म्हणाली.

“चोर आधी पिशवीच उचलतो. वाळू कोण उचलतंय?”

“सरकार उचलतंय. बघा की!”

तेवढ्यात वनरक्षक शिट्टी फुंकत धावत आला.

“भाऊ, हे घरटं नाही हो. खाली माझ्या किल्ल्या आहेत,” सर म्हणाले.

“सगळे असंच काहीबाही सांगतात. अंडी चोरणारे तर रडूनसुद्धा दाखवतात.”

“मग उघडणार कधी?”

“पिल्लं निघाली की. पन्नास-पंचावन्न दिवस धरा.”

“अहो, उद्या आठला परीक्षा आहे!” सर ओरडले. चारशे मुलं ताटकळत बसली आहेत आणि मुख्याध्यापक हातोडा शोधत फिरताहेत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. वीस वर्षांची अब्रू त्या वाळूत होती.

वनरक्षकाचाही आवाज उतरला. “साहेब, तीन वर्षांत इथे एक घरटं नाही. यंदा नाही सापडलं तर माझी चौकीच बंद होणार. मघाशी ही उकरलेली वाळू दिसली आणि वर फोन करून मोकळा झालो. मोठे साहेब निघालेत बघायला.”

“मग तर आत्ताच बघून घ्या,” बायको म्हणाली. “त्यांच्यासमोर खाली किल्ल्या निघाल्या, म्हणजे?”

जाळी सरकवून वनरक्षक हलक्या हाताने वाळू काढू लागला. वीतभर खाली जुडगा लागला.

सरांनी तो छातीशी धरला. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्यांच्या! वनरक्षक मात्र डोक्याला हात लावून मटकन खाली बसला.

“गेली माझी चौकी.”

“चुकलंच माझं, भाऊ,” सर ओशाळून म्हणाले. “पण सगळीकडे वाळू घट्ट. इथेच तेवढी भुसभुशीत होती.”

वनरक्षकाने मान वर केली. “भुसभुशीत? आधीपासूनच?”

त्याने पुन्हा हात घातला, पार कोपरापर्यंत, आणि तसाच थांबला. मग बोटांनी वाळू जराशी बाजूला केली. खाली एकाला एक लागून पांढरी गोल अंडी.

“आहे! आईशप्पथ, आहे!” असं ओरडून तो सरांच्या ओल्या गळ्यातच पडला.

वाळू पुन्हा नीट लोटून झाली, जाळी जागेवर बसली. बायको सरांकडे बघून हसली.

“जागा निवडण्यात तुमचं आणि कासविणीचं अगदी एकमत हं! पण ती बाई शंभर अंडी पुरते आणि खुशाल पोहायला निघून जाते. शिका जरा तिच्याकडून.”

सरांनी थोडा विचार केला, जुडगा बायकोच्या हातात दिला आणि ते पाण्याकडे चालू लागले. मागे वळून बघितलं, पण फक्त दोनदाच.