पोच्याचं प्रात्यक्षिक

"बंपरला पोचा? हात्तिच्या! किटलीभर उकळतं पाणी, दोन बोटं आणि चिमूटभर विज्ञान! पाच मिनिटांत बंपर बाळाच्या गालासारखा!"

असं मास्तर स्वतःलाच म्हणाले. गॅरेजमध्ये ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तर इतक्या मोठ्यानं म्हणाले! तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. आवाजात कसलीच शंका नव्हती. पाय मात्र गाडीभोवती गरागरा फिरत होते.

कारण गाडी बायकोची होती. बावीस दिवसांची, लालभडक, दोन दारांची स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं! बायको इंजिनिअर. दोन दिवसांच्या कामासाठी परगावी जाताना तिनं पहिल्यांदाच किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली होती. "मी येईपर्यंत गाडी अशीच्या अशी राहिली, तर रविवारी शाळेच्या मेळाव्याला तुम्ही चालवत न्या!" मास्तरांनी लगेच झाडून सगळ्या माजी विद्यार्थ्यांना फोन करून ही बातमी दिली होती. काहींना तर दोनदा!

आणि आज दुपारी गाडी आत घेताना मागचा कोपरा भिंतीला टेकला. टेकला म्हणजे अगदी हळू, मांजर पायाला अंग घासतं तसा. तरी बशीएवढा पोचा! बायको पाच वाजता येणार होती. घड्याळात पावणेचार झाले होते.

मास्तरांनी किटली लावली. प्लास्टिक तापलं की मऊ पडतं, आणि मऊ पडलं की त्याला आपला मूळ आकार आठवतो, एवढंच ते शास्त्र. त्यांनी कोपऱ्यावर उकळतं पाणी ओतलं, चाकाच्या बाजूनं आत हात घातला आणि दाबलं. टप्! पोचा गायब! चष्मा पुसून पाहिलं, तरी गायब! चार वाजून दहा मिनिटं. मास्तर इथेच थांबले असते, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

पण तेवढ्यात नऊ वर्षांची भाची आली. ती मागच्याच गल्लीत राहायची आणि शाळा सुटली की सरळ मामाकडे यायची.

"मामा, एवढी वाफ कसली?"

"पोचा काढला, बाळ! गरम पाण्यानं!"

"कुठे होता?"

"हा काय, इथे!"

भाचीनं बंपरला नाक लावलं. "इथे तर काहीच नाही."

"काढला ना मी!"

"मग होता कशावरून?"

मास्तर थबकले. प्रश्न शंभर नंबरी होता! पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हे हिला शिकवलं कोणी? त्यांनीच! त्यांनी प्लास्टिकचा मग आणला, चेपला, गरम पाण्यात बुडवून पुन्हा गोल करून दाखवला.

"हा मग आहे, मामा. गाडी कुठाय?"

प्रश्नाला उत्तर न देता मूल परत पाठवायचं? मास्तरांच्या घशाखाली घास उतरला नसता! "बरं, इथे मधोमध एक इवलासा पाडू. लगेच काढू," ते म्हणाले. गुडघ्यानं दाबलं. बंपर ढिम्म! कमरेनं ढकललं. तरी ढिम्म!

"मग आधीचा पडला कसा?" भाचीनं विचारलं.

आता इभ्रतीचा प्रश्न होता. मास्तर चार पावलं मागे गेले, पाठमोरे झाले आणि सगळ्या वजनासकट बंपरवर आदळले. बदाक्! पोचा पडला. इवलासा नव्हे, ताटाएवढा!

"आता काढ!" भाचीनं टाळ्या पिटल्या.

साडेचार! मास्तरांना दम कुठला? पाणी उकळायच्या आधीच त्यांनी किटली उपडी केली. कोमट पाण्यानं बंपरला काहीच आठवेना. आतून रेटावं, तर मध्ये लोखंडी पट्टी आडवी. हात पोचेना!

आवाज ऐकून शेजारचे दाताचे डॉक्टर धावत आले. "काय कोसळलं हो?"

"प्रात्यक्षिक!" मास्तर घाम पुसत म्हणाले.

डॉक्टरांनी खिशातला छोटा आरसा खालून आत सरकवून पाहिलं. "हं. ओढूनच काढावा लागेल," असं म्हणून त्यांनी घरून बेसिन तुंबल्यावर लावतात तो रबरी पंप आणला. पुन्हा किटली, आणि या वेळी पाणी खळखळा उकळलेलं. पंप घट्ट बसला. "अजिबात घाबरायचं नाही," डॉक्टर सवयीनं बंपरला म्हणाले आणि खेचलं. टप्! पोचा निघाला! मास्तरांनी त्यांना मिठीच मारली.

पण पंप निघेना!

मास्तरांनी डॉक्टरांची कंबर धरून ओढलं. डॉक्टर खाली बसले आणि जोर लावायला दोन्ही पाय तापलेल्या बंपरला टेकवले. पंप जागच्या जागी, आणि दोन्ही बाजूंना बुटाच्या मापाचे दोन खोल पोचे!

बाहेर टॅक्सी थांबली. "माझा पेशंट आला वाटतं!" म्हणत डॉक्टर कुंपणावरून पलीकडे गेले.

बायको खांद्यावर बॅग घेऊन उभी होती. पंपाची दांडी अजून डुलत होती.

"मामी, मामानं मला पोचा काढून दाखवला!" भाची म्हणाली.

"काढून?" बायकोनं मास्तरांकडे पाहिलं. "अहो, खरं सांगा. गाडी भिंतीला लागली?"

"लागली," मास्तर म्हणाले. रविवार त्यांच्या डोळ्यांसमोरून भर्रकन निघून चालला होता. "पण तो पोचा मी असा काढलाय, असा काढलाय, की कुठे होता ते तुला सापडणार नाही!"

बायको वाकली. तिनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं, डोळे बारीक करून पाहिलं. खरंच काही सापडलं नाही. सरळ होऊन तिनं मास्तरांसमोर हात पुढे केला.

मास्तर एकदम फुलले. पुढे होऊन त्यांनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि जोरजोरात हलवला.

"किल्ली," बायको म्हणाली.