विहीणबाईंची कंबर आणि आबासाहेबांची मोटार

देवळाली प्रवऱ्याच्या आबासाहेबांनी मोटार घेतली तेव्हा पेढे वाटले नाहीत, उपदेश वाटला! "मोटार नुसती हाकून भागत न्हाई," चावडीपुढं बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ती समजावी लागती. ज्याला मोटार समजली, त्याच्या पोटातलं पानी हलत न्हाई!"

आबासाहेबांना मोटार समजली होती. मोटारीला आबासाहेब समजले नव्हते, एवढीच काय ती अडचण.

मोटार होती जुनी, नगरच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. डांबरी रस्त्यावर कशी मऊ चालायची! पण आबासाहेबांची वस्ती गावाबाहेर, उसाच्या फडांमधून जाणाऱ्या गाडीवाटेच्या टोकाला. बैलगाड्यांच्या चाकांनी त्या वाटेला दोन्ही बाजूंनी खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधोमध चांगला पोटरीएवढा उंच वरंबा. डॉक्टरांची ही बुटकी मोटार चाकोरीत शिरली, की तिचं पोट वरंब्यावर टेकायचं आणि ती अंड्यांवरच्या कोंबडीसारखी जागीच बसायची. मग वस्तीवरून बैल आणायचे आणि 'मोटार समजलेल्या' माणसाला मोटारीसकट ओढून घरी न्यायचं, असा कार्यक्रम आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा.

शेवटी आबासाहेबांनी वाटेच्या तोंडाशीच गॅरेज असलेल्या सूर्यभान मिस्तरीला गाठलं. मिस्तरीनं मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे पाहिले, मान हलवली आणि ऊस वाहणाऱ्या मालट्रकचे दोन जाडजूड पाटे त्यात घुसवले. पुढूनही काहीबाही पिळून उंची वाढवली. मोटार वीतभर वर उचलली गेली! वरंब्यावरून ती आता पदर सुद्धा न लागू देता जायला लागली. आबासाहेब खूश झाले.

फक्त बसणाऱ्याचं काय व्हायचं, ते विचारू नका. मालट्रकचे पाटे ते, चार माणसांना काय भीक घालणार? रस्त्यात बिडीचं थोटूक आलं तरी डोकं टपाला लागायचं!

आणि नेमक्या ह्या मोटारीतून आबासाहेबांनी दिवाळीत आपल्या विहीणबाईंना नगरच्या स्टँडापर्यंत सोडलं. राहीबाई म्हणजे तिसगावची बाई. डोंगराळ रानात हयात गेलेली, पाठीवर पोतं टाकून टेकाड चढणारी. पण स्टँडावर उतरल्या त्या कंबरेवर हात ठेवून, आणि पुढं तीन आठवडे त्यांना वाकून चुलीत लाकूड घालता आलं नाही.

आता आबासाहेबांची एकुलती एक लेक पुष्पावती ह्याच राहीबाईंची सून. तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. झुंबरबाईंनी, म्हणजे पुष्पाच्या आईनं, खोली सारवून ठेवली होती, डिंक-खारीक आणून ठेवली होती, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची चळत लावली होती. पोर कधी येते आणि तिला कधी पोटाशी धरते, असं त्या माउलीला झालं होतं. आणि तिसगावहून सांगावा आला:

"एष्टीत सून बसवायची न्हाई. मोटार आनायची असंल तर आधी मी बसून बघनार. माझी कंबर शाबूत राहिली तर पोर जाईल. न्हाईतर बाळंतपण हितंच!"

झुंबरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्या पाण्याची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतली.

"ऐकलं का? त्या मोटारीपायी माझी पोर तिकडं अडकली. तिला न आनता आलात, तर तुमी बी वस्तीवर येऊ नका!"

आबासाहेब धावत सूर्यभानकडं.

"जाड पाटं काढून टाकू का?" मिस्तरी म्हणाला.

"काढलं तर पोट घासतंय. पोरीला त्या चाकोरीत अडकवू व्हय?"

"मंग ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ दिलं तर इहीनबाई पोरगीच द्यायच्या न्हाईत!"

मिस्तरीनं बिडी पेटवली. त्याच्याकडचा उपाय संपल्याची ती खूण होती. तेवढ्यात रस्त्यावरून उसानं भरलेला ट्रक डुलत-डुलत, पाळण्यासारखा गेला. पाठोपाठ कारखान्यावर रिकामा झालेला दुसरा ट्रक समोरून परत आला, तो मात्र आदळत, आपटत, खडखडत! आबासाहेब ताडकन उठले.

"सूर्यभान! पाट्याला वजन पायजे! भरली गाडी मऊ, रिकामी गाडी कडक! डिकीत वजन भरून पोरीला डांबरीनं आनायची. हितं वाटंच्या तोंडाशी वजन उतरवलं, की गाडी वर उचलंल अन् वरंब्यावरून सुळकन् घरी! पायजे तवा मऊ, पायजे तवा उंच!"

"आबासाहेब," मिस्तरी भारावून म्हणाला, "तुमी विलायतेत जन्माला यायला पायजे हुतं!"

आपणही तसंच म्हटलं असतं. योजनेत खोट कुठंच नव्हती. वस्तीवर गुऱ्हाळ चालू होतं, म्हणून वजनासाठी गुळाच्या ढेपा हाताशी होत्या. डिकी गच्च भरली. झुंबरबाईंनी विचारलं, "एवढा गूळ कुनाला?" तेव्हा आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"तुला मोटारीतलं काय कळतंय!"

झुंबरबाईंनी शिदोरीचं गाठोडं तेवढं ढेपांच्या वर ठेवलं.

आणि मोटार काय गेली म्हणता! राहुरी गेली, नगर गेलं, करंजीचा घाट गेला, पण आबासाहेबांच्या डोक्यावरची टोपी जागची हलली नाही. तिसगावात शिरताना ते चक्क गुणगुणत होते.

व्याही गहिनीनाथ सामोरे आले. रामराम झाला, पायावर पाणी झालं. शिदोरी द्यावी म्हणून आबासाहेबांनी डिकी उघडली, आणि मागं उभ्या असलेल्या गहिनीनाथांचे डोळे विस्फारले.

"आरं बाबौ! अहो, ऐकलं का? इवायानं समदं गुऱ्हाळच उचलून आनलंय!"

"न्हाई, म्हंजी ते..."

"भरल्या पोटाची लेक न्यायला आलाय, अन् रिकाम्या हातानं येईल व्हय आबासाहेब! आरं, उतरवा रं!"

तोंडातून पुढचा शब्द निघायच्या आत ढेपा ओसरीवर गेल्या. लेकीच्या सासरी जाताना काहीतरी न्यायचं असतंच, आबासाहेब जरा जास्त घेऊन आले, एवढंच कुणालाही दिसणार. राहीबाईंनी एक ढेप तिथंच फोडली आणि आळीत घरोघर वाटायला पाठवली. आपली वस्तू परत मागायची सोय नव्हती. "आमी तुमच्यासाठी न्हाई, पाट्यासाठी आनला हुता" असं विहिणीला सांगण्यापेक्षा मोटार तिथंच सोडून चालत गेलेलं बरं!

पुष्पावती पाणी घेऊन आली. बापाची ही दानत बघून तिलाच ठसका लागला.

"आबा, बरं हाय ना तुमाला?"

"गप बस, बाई," आबासाहेब पुटपुटले.

राहीबाईंचा चेहरा आता पार निवळला होता. त्या म्हणाल्या, "मानूस मोठ्या मनाचा हाय हो. पन कंबरंची गोष्ट वेगळी. जेवनं झाली की मी मोटारीत बसून बघते."

आबासाहेबांनी पुरणपोळी अर्धीच ताटात ठेवली. डिकी रिकामी, म्हणजे गाडी पुन्हा कडक. विहीणबाई बसणार, पहिल्याच खड्ड्यात किंचाळणार, आणि पुष्पाची आई त्या सारवलेल्या खोलीत एकटीच बसून राहणार! त्यांनी हात धुतले. "इंजनात पानी घालून येतो," म्हणाले आणि मोटार घेऊन गावाबाहेर सटकले.

तिसगावच्या रानात पाणी कमी, पण दगडाला तोटा नाही. रस्त्याकडेच्या एका शेताच्या बांधावर घडीव रचल्यासारखे दगड होते. आबासाहेबांनी धोतर खोचलं आणि एकेक धोंडा डिकीत टाकायला सुरुवात केली. पाचसहा टाकले असतील, तोच मागून आवाज आला.

"इवाई! बांध कोरता व्हय आमचा?"

गहिनीनाथ! आणि शेत त्यांचंच! आता शेतकऱ्याला तुम्ही काहीही म्हणा, शिव्या द्या, तो एक वेळ हसून सोडेल. पण त्याच्या बांधाला हात लावलात की संपलं! ह्याच बांधापायी गहिनीनाथ सख्ख्या चुलतभावाशी पंधरा वर्षं बोलत नव्हते. आणि आता परतालुक्यातला व्याही भरदिवसा, मोटार लावून, बांध भरून नेत होता!

"अहो पाव्हणं, तसं न्हाई..."

"मंग कसं? डिकीत काय धोंडे आपसूक चढले?"

आवाज ऐकून माणसं जमली. राहीबाई आल्या, मागून पोटाला सांभाळत पुष्पावतीही आली. सगळे आबासाहेबांकडं बघायला लागले. खरं सांगावं तर गुळाची अब्रू जाते, न सांगावं तर बांधचोर ठरतो आणि लेक तर दोन्हीकडून जाते. आबासाहेबांनी डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते बोलून टाकलं.

"आमच्याकडं पद्धत हाय!"

"कसली?"

"पहिल्या बाळंतपनाला... लेकीच्या सासरच्या शिवारातलं दगडं न्यायचं. खोलीत मांडायचं. म्हंजी बाळाला... आपल्या मातीची वळख ऱ्हाती!"

पुष्पावतीनं पदर तोंडावर दाबला. जन्म देवळालीत गेला, पण असली पद्धत तिनं बापजन्मी ऐकली नव्हती!

गहिनीनाथांचा राग मात्र पाण्यासारखा ओसरला. त्यांनी डोळे पुसले. "बघा, माझ्या बांधाचा मान केवढा!"

राहीबाई पुढं झाल्या आणि डिकीत डोकावल्या. "अन् हे असले चिमुकले धोंडे? नातवंडाच्या मानाचे दगड असं असत्यात व्हय? काढा ते! तिकडचा मोठा घ्या. तो बी. तो चपटा बी घ्या, शोभंल!"

गावानं हातभार लावला. डिकी भरली, पायाशी दोन धोंडे ठेवले, मोटारीचं बूड खाली गेलं. राहीबाई मागं बसल्या. मारुतीच्या देवळाला वळसा घालून गाडी परत आली, तरी त्या उतरेनात!

"आगं बया! ही तर झोळीवानी डुलतीया! कंबरंला पत्ता बी न्हाई!" मग सुनेला हाक मारली, "पुष्पे, बस! अन् माझं बी लुगडं आन गं. मी येते संगं. दगडं नीट मांडली का न्हाई, ते बघाय नको?"

आबासाहेबांच्या हातातलं स्टिअरिंग निसटता निसटता राहिलं.

परतीचा प्रवास स्वर्गासारखा झाला. पुष्पावती डोळे मिटून निवांत झोपली. राहीबाईंनी तर घाटात पान सुद्धा लावून खाल्लं, आणि चुना एक थेंब सांडला नाही. ऊन कलता कलता मोटार गाडीवाटेच्या तोंडाशी आली. ठरल्याप्रमाणं सूर्यभान मिस्तरी धावत पुढं आला, डिकी उघडली आणि आत धोंडे बघून त्याच्या तोंडातली बिडी गळाली. तरी पण ठरलेलं काम चुकवणारा माणूस तो नव्हता. त्यानं एक धोंडा उचलला.

"आबासाहेब, टाकू ना हितंच गटारात?"

"हात मोडीन मेल्या!" मागच्या सीटवरून राहीबाई कडाडल्या. "नातवंडाचं दगडं हायती ती!"

सूर्यभाननं धोंडा जपून परत ठेवला. आबासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. देवाचं नाव घेतलं आणि भरली मोटार चाकोरीत घातली.

पंचवीस पावलांत पोट वरंब्यावर टेकलं. जरा घासलं, करकरलं, आणि गाडी बसली! मागची चाकं गरगर फिरली, सगळ्या उसावर धुरळा उडाला, मोटार तसूभर हलली नाही.

"काय झालं?" राहीबाईंनी विचारलं.

"इंजन... दमलंय," आबासाहेब म्हणाले.

पुष्पावती दार उघडून खाली उतरली. "बसा तुमी. मी जाते चालत. दवाखान्यात नर्सबाईनं रोज चालायलाच सांगितलंय." आणि पदर खोचून ती खरंच चालायला लागली. समोरून झुंबरबाई धावत आल्या. वाटेतच मायलेकींनी एकमेकींना मिठी मारली, दोघी रडल्या, दोघी हसल्या. दिवसभराची धडपड त्या एका मिठीसाठी होती.

पण ती बघत उभं राहायला आबासाहेबांना सवड कुठं होती? दगड उतरल्याशिवाय मोटार निघणार नव्हती, आणि मानाचे दगड गड्याच्या डोक्यावर देणं राहीबाईंना पटेना. तेव्हा आबासाहेबांनी उपरण्याची चुंबळ केली आणि एकेक धोंडा स्वतःच्या डोक्यावरून वस्तीवर नेला. शेवटचा चपटा धोंडा ओसरीवर ठेवून ते मट्कन खाली बसले, तेव्हा झुंबरबाई दारात उभ्या होत्या.

"अहो, हे धोंडे कशाला?"

आबासाहेबांचं बायकोला सांगायचं राहूनच गेलं होतं! राहीबाईंच्या कपाळावर आठी आली.

"इहीनबाई, तुमच्याकडची पद्धत ना ही? पहिल्या बाळंतपनाला सासरची दगडं?"

झुंबरबाईंनी धोंड्यांकडं पाहिलं. घामाघूम नवऱ्याकडं पाहिलं. तो डोळ्यांनी हात जोडत होता. दारामागून पुष्पावतीचं खुसखुसणं ऐकू येत होतं. झुंबरबाईंना सगळं नाही, पण पुरेसं कळलं.

"व्हय तर! लई जुनी पद्धत हाय आमची," त्या शांतपणे म्हणाल्या. आबासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "पन ह्यांनी तुमाला अर्धीच सांगितली वाटतं."

"अर्धी? अन् बाकीची?"

"ज्या आज्यानं दगडं आनली, त्यानं ती रोज सकाळी आंघोळीच्या आधी सोता धुवायची. अन् बारसं होईपतुर मोटारीला हात लावायचा न्हाई. कुठं बी जायाचं तर पायी!"

"चांगली पद्धत हाय," राहीबाई म्हणाल्या आणि ओसरीवर ऐसपैस बसल्या. "मंग मी बी बारशापतुर ऱ्हाते. असल्या गोष्टीत पुरुष मानसांचा भरवसा धरता येत न्हाई!"