छापा, काटा आणि कपाट

"आई, यंदा नाणं हातात झेलायचं नाही!" थोरल्या भावाच्या घरात पाऊल टाकताच धाकट्याने जाहीर केलं. "जमिनीवर पडू द्यायचं."

वडील गेल्यापासून आईने वर्षभर कोणाकडे राहायचं, हे नाणं ठरवत असे. छापा आला तर धाकट्याकडे, काटा आला तर थोरल्याकडे. उडवायची आई, झेलायचीही आई, आणि मेला दरवर्षी काटाच यायचा. थोरल्याचं घर बायकोपोरांनी भरलेलं. धाकटा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, एकटा जीव. खिडकीजवळची खोली त्याने आईसाठी केव्हाच लावून ठेवली होती. संध्याकाळी दार उघडताना आतून कोणीतरी "आलास का रे?" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्या एका हाकेसाठी जीव नुसता तुटायचा त्याचा.

"का बुवा? आईच्या हातांना काय धाड भरलीय?" थोरल्याने विचारलं.

"दादा, आई नाणं काटा वर ठेवून उडवते. जी बाजू आधी वर, तीच वर येण्याची शक्यता जास्त. शास्त्र आहे हे!"

"किती जास्त?"

"शंभरात... एक्कावन्न वेळा."

"वा, प्रोफेसर! पन्नासाचे एक्कावन्न झाले म्हणून एवढा कांगावा?"

"मी झेलते ना नीट," आई पुटपुटली.

"नको. चांगलं उसळू दे."

नाणं उसळलं, कडेवर धावत सुटलं आणि थेट कपाटाखाली गेलं. वहिनी झाडू घेऊन आली.

"वहिनी, झाडू नको! उलटलं म्हणजे? कपाटच उचलू."

"अहो भाऊजी, गच्च भरलंय ते!"

मग निम्मं कपाट पलंगावर रिकामं झालं. दोघा भावांनी दोन बाजू धरल्या. धाकट्याने वाकून आत डोकावलं.

"काय आलंय रे? लवकर बोल, हात भरून आले!"

"दादा, उभं आहे! भिंतीला टेकून चक्क कडेवर उभं आहे!"

असं म्हणताना धाकट्याचे दोन्ही हात कपाळाला गेले आणि कपाट थोरल्याच्या पायावर आलं.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि दीड महिना पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलं. वहिनीला नोकरीवर जाणं भाग होतं. आई कुठे राहणार, हे आता कोणी विचारलंसुद्धा नाही.

धाकटा निघाला तेव्हा आई त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. धाकट्याला रडूच यायचं बाकी होतं.

"चुकलंच माझं, आई. पण तू झेललं असतंस तरी काटाच आला असता म्हणा."

"अरे वेड्या, काटा येत नव्हता, मी आणत होते. मुठीत आलं की अंगठ्याला कळतं कुठली बाजू आहे ते. दादाची पोरं लहान, वहिनी दिवसभर बाहेर. काय करणार मी?" आईने त्याच्या शर्टाची कॉलर उगाच सारखी केली. "आता पोरं झाली की मोठी. यंदा छापा आणणार होते रे मी. तर तू आल्या आल्या म्हणालास, झेलू नकोस."