आत्याचा गुडघा

घरातली सर्वांत चांगली खुर्ची आत्याच्या डाव्या गुडघ्याची होती. खिडकीजवळची, पाठीला उशी आणि पुढे पाय ठेवायला स्टूल असलेली. आत्या तीत बसायची एवढंच, मालकी गुडघ्याची. चहा तिथे यायचा, जेवणाचं ताट तिथे यायचं, वर्तमानपत्रही आधी तिथे जायचं आणि मग छकुलीच्या बाबांना मिळायचं. बाबा आत्याचे धाकटे भाऊ, त्यामुळे तक्रार करायची सवय त्यांना लहानपणापासूनच नव्हती.

आत्या एका मोठ्या वसतिगृहाची रेक्टर होती. नोकरीभर तिनं मुलींना वेळेवर उठवलं, जेवू घातलं आणि दिवे मालवायला लावले. निवृत्त होऊन ती भावाकडे आली, आल्या आल्या तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आणि महिन्याभरात बाथरूमच्या दाराशी पाय घसरून गुडघा दुखावून बसली. डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली होती. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

छकुलीला याचं फार वाईट वाटायचं. छकुली हे नाव ती रांगत असताना शोभत होतं. आता ती सत्तावीस वर्षांची होती आणि माळ्यावरचं सामान काढायला तिला स्टूल लागत नसे. आत्याच्या गुडघ्याकडे पाहूनच तिनं आपला विषय ठरवला होता: म्हातारपण निरोगी कसं जाईल. विद्यापीठात या विषयावर पीएच.डी.ची एक जागा निघाली होती, तीही शिष्यवृत्तीसकट. बाबांची निवृत्ती तोंडावर आली होती, तेव्हा शिष्यवृत्तीशिवाय शिकायचा प्रश्नच नव्हता. ती मिळाली नाही तर शिकवणी वर्गात दुसऱ्यांच्या मुलांकडून बेडकाची पचनसंस्था घोकून घेणं जन्मभर चालू राहणार होतं. अशी जागा तिच्या हातून दोनदा थोडक्यात निसटली होती. या खेपेला मुलाखतीत तिनं आत्याच्या गुडघ्याबद्दल इतक्या कळवळ्यानं सांगितलं, की समितीतल्या एका गृहस्थांना चष्मा पुसावा लागला.

शेवटी दोनच उमेदवार उरले. मार्गदर्शक होणाऱ्या प्राध्यापक बाईंनी दोघींना सांगितलं, की साठी ओलांडलेली एक धडधाकट व्यक्ती शोधा आणि तिची तपासणी माझ्यासमोर करा. तपासणी साधी होती. हात न टेकता पाच वेळा खुर्चीतून उठायचं, मग एका पायावर उभं राहायचं, मग थोड्या गप्पा. मुलीला माणसांशी बोलता येतं की नाही, हे बाईंना पाहायचं होतं.

धडधाकट माणूस सहज सापडेल असं छकुलीला वाटलं होतं. पण विद्यापीठातून कोणीतरी तपासायला येणार म्हटल्यावर गल्लीतल्या सगळ्या ज्येष्ठांनी आपापल्या रिपोर्टांच्या फायली बाहेर काढल्या. मधुमेहवाल्या आजोबांना मोतीबिंदूवाल्या आजींनी मागे टाकलं, तेव्हा आजोबांनी ठेवणीतला रक्तदाब काढला. मला काहीही झालेलं नाही, असं कबूल करायला कोणी तयार होईना. अखेर शेजारचे पोस्टमनकाका तयार झाले. निवृत्त होऊन जमाना झाला तरी ते रोज सकाळी आपल्या जुन्या वाटेनं चक्कर मारून येत.

काकांनी हे काम जरा जास्तच मनावर घेतलं. बाईंसमोर फजिती नको म्हणून ते आदल्या दिवसापासून एका पायावर उभं राहण्याचा सराव करू लागले. जमिनीवर ते लगेच जमलं. त्यात काही राम वाटेना म्हणून ते पलंगावर चढले. बाई यायच्या दिवशी सकाळी काका पाठीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन पालथे पडले होते, आणि काकू छकुलीशी बोलत नव्हत्या.

छकुलीनं घाईघाईनं बाईंना फोन लावला. फोन तिच्याच दाराबाहेर वाजला.

बाई आत येऊन बसल्या. बाबांनी छकुलीला बाजूला घेऊन, मी बसतो की त्यांच्यासमोर, केस तर सगळे पिकलेत, असं सुचवून पाहिलं. छकुलीनं नकारार्थी मान हलवली आणि बाईंना जे घडलं ते पलंगासकट सांगितलं. बाईंना हसू आलं, पण त्यांचाही नाइलाज होता. दुसऱ्या मुलीची तपासणी झाली होती आणि समिती उद्याच बसणार होती.

छकुली "बरं, मॅडम" म्हणाली आणि स्टॉपवॉच पिशवीत ठेवू लागली. ते तिथे नीट बसत होतं, तरी ती ते पुन्हा पुन्हा बसवत राहिली. आत्या खुर्चीतून हे पाहत होती. रेक्टर असताना नापास होऊन रडणाऱ्या मुलींची तिला कधी काळजी वाटली नव्हती. न रडणाऱ्यांची वाटायची. आणि ही तर तिची छकुली होती.

"हात न टेकता उठायचं ना?" आत्यानं विचारलं.

आणि ती उठली. बसली, उठली, बसली, उठली. आकडे ती स्वतःच मोजत होती, वसतिगृहात हजेरी घेत असे त्या आवाजात. पाच झाल्यावर तिनं उजवा पाय उचलला आणि डाव्या, सहा वर्षं दुखणाऱ्या पायावर ती खांबासारखी उभी राहिली. आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"छकुली, घड्याळ लाव," आत्या एका पायावरून म्हणाली.

बाईंनी आधी आत्याकडे पाहिलं, मग छकुलीकडे. "मुलाखतीत सांगितलं होतंत, त्या आत्या याच का?"

छकुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "याच, मॅडम. पण मी खोटं बोलले नव्हते. मलाही हे आत्ताच कळतंय."

"मग विचारा त्यांना."

छकुलीनं छापील प्रश्न बाजूला ठेवले आणि ती आत्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "आत्या, मग तू बसून का राहिलीस गं?"

आत्यानं पाय खाली ठेवला. आता मात्र ती खरोखरच हात टेकून बसली.

"पंधरा दिवसांत बरा झाला होता गं गुडघा," ती म्हणाली. "पण नोकरीत सगळ्या पोरींना मीच विचारायचे, कशी आहेस, जेवलीस का. मला कोणी विचारल्याचं आठवत नाही. इथे पाय घसरला, आणि रोज सकाळी तुम्ही तिघं विचारायला लागलात. म्हटलं, राहू दे अजून चार दिवस."

बाबांना एकाएकी खिडकी बंद करावीशी वाटली. छकुलीनं आत्याचा गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"चालता येणारी माणसं बसून का राहतात," बाई म्हणाल्या, "हे आमच्या प्रश्नांत कुठेच नाही. यावर काम कराल?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंचा फोन आला. जागा छकुलीला मिळाली होती, शिष्यवृत्ती तीन वर्षांची. छकुली आधी आत्याच्या गळ्यात पडली, मग आईच्या. बाईंनी आणखी एक निरोप दिला होता: आत्यांना आता बसवून ठेवू नका, घरातली कामं मोकळेपणानं करू द्या.

"कामं करू द्यायची?" आईनं विचारलं. "तीन वर्षं?"

त्यानंतर रोज उजाडायच्या आधी ताटलीवर आत्याचा चमचा वाजू लागला. चहाची एक वेळ ठरली आणि उशिरा उठणाऱ्याला तो मिळेनासा झाला. डबे उंचीप्रमाणे रांगेत लागले. आईच्या हाताखालची सुरी आईला दिवसभर सापडली नाही. बाबा मुकाट्यानं वेळेवर उठू लागले. आठवडा कसाबसा निघाला, आणि एका सकाळी आई खुर्चीवरची उशी हातात घेऊन स्वयंपाकघरात आली.

"वन्सं, गुडघा कसा आहे?"

"उत्तम."

"नीट बघा. मला जरा सुजल्यासारखा वाटतोय."

"अगं, आता तर तुलाही ठाऊक आहे ना?"

"मला पहिल्या वर्षीच ठाऊक होतं," आई म्हणाली. "दूध प्यायला आलेल्या मांजरामागे तुम्ही अंगणभर धावलात, तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते."

"मग बोलली का नाहीस?"

आई डब्यांच्या रांगेकडे बघत राहिली. आत्यानंही तिकडे पाहिलं. आत्या हुशार, तिला जास्त सांगावं लागलं नाही.

"सकाळी मी पोस्टमनकाकांबरोबर चक्कर मारून येत जाईन," ती म्हणाली. "नाहीतर छकुलीच्या मॅडम रागावतील. आणि गुडघ्याचं तू रोज विचारायचं."

"विचारीन की. आत्ता नाही का विचारलं?"

आत्यानं चमचा आईच्या हातात दिला आणि ती तरातरा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. बाहेर छकुली आणि बाबा चहाची वाट बघत बसले होते. त्यांना पाहताच आत्या उजवा गुडघा धरून लंगडत खुर्चीकडे निघाली.

"वन्सं," आई उशी घेऊन मागून येत हळूच म्हणाली, "डावा."